निकाल मुंबईत, मोबाइल सोलापुरात

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा प्रश्न पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर विचारला. तिच्या मैत्रिणीने तो लाइक केला. दोघींना अटक झाली. या अटकेनंतर श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी निकाल लागला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ घटनाबाह्य ठरलं. याच निकालाने धंद्यालाही आधार दिला: कुणी नुसती तक्रार केली म्हणून संकेतस्थळाने मजकूर काढावा, ही सक्ती उरली नाही, त्यासाठी कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश लागू लागला.

कलम रद्द झालं, पण पोलीस ठाण्यांच्या वहीतून गेलं नाही. त्याखाली गुन्हे नोंदवणं सुरूच असल्याचं २०२१ मध्ये समोर आलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयही चकित झालं. असे खटले थांबवा, हे ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. दिल्लीचा निकाल पोलीस ठाण्यापर्यंत यायला साडेसात वर्षं गेली, आणि या साऱ्या काळाची गोम तिथेच आहे.

सोलापुरात भावकीचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, मंडळाचा असतो, साखर कारखान्याच्या सभासदांचा असतो. कुणी भलतंच टाकलं की आधी अॅडमिनच्या पोटात गोळा येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात मार्च २०२१ मध्ये हा प्रश्न सोडवला आहे. अॅडमिनचे जादा अधिकार सभासद घेण्या-काढण्यापुरते. पूर्वसंगनमत नसेल तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी तो गुन्हेगार ठरत नाही. हा निकाल किती अॅडमिनना ठाऊक असेल?

पुढची लढाई मोठी होती. केंद्राच्या कामकाजाविषयी खोटं काय, हे केंद्राचाच तथ्य-तपासणी कक्ष ठरवणार, असा नियम एप्रिल २०२३ मध्ये आला. विनोदकार कुणाल कामरा व इतर उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचं मत दुभंगलं. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायाधीश अतुल चांदूरकर यांनी पटेलांच्या बाजूने कौल दिला आणि नियम पडला.

ऑनलाइन माल विकणाऱ्यांचा अनुभव निराळा; तिथे कोर्टापेक्षा नियमच जास्त भेटतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मालाचा मूळ देश दाखवणं बंधनकारक केलं. पण सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असूनही तिच्या नावाने परगावचा माल विकणाऱ्याला यातून आळा बसत नाही: पडद्यावर देश कळतो, गाव कळत नाही. ऑक्टोबर २०२३ पर्यंत ई-कॉमर्स कंपन्यांमार्फत माल विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नोंदणी घ्यावीच लागे. आता मर्यादेखालच्या विक्रेत्याला सूट आहे, पण राज्यातल्या विक्रीपुरतीच. म्हणजे घरची शेंगाचटणी नोंदणीशिवाय ऑनलाइन पुण्याला पाठवता येते, जवळच्या विजापूरला नाही. सरहद्दीवरच्या जिल्ह्याला ही अट जास्त बोचते.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूरसह सहा जिल्ह्यांना हायकोर्ट जवळ आलं. हे चांगलंच झालं. पण कोर्टाचं अंतर घटलं, तसा हातातला वेळही घटला: आदेश मिळाल्यावर संकेतस्थळाला मजकूर काढायला २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ३६ तास होते. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ते ३ तास झाले. चुकून काढलेला मजकूर परत मिळवायचा, तर त्या लढ्याला अशी घड्याळाची मुदत नाही. शेवटी कोर्टात जिंकणारा नागरिक या दशकात बऱ्याचदा दिसला; वेळेत जिंकणारा क्वचितच. यापुढे मागायचं तर हेच मागावं: मजकूर काढायला जेवढी घाई, तेवढीच तो परत लावायलाही.