कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटरचं चित्र!

दोस्ता, ठिपक्यांची रांगोळी तुला ठाऊक आहेच. आधी १५ ते ८ ठिपके, मग कुठला ठिपका कुठल्या ठिपक्याला जोडायचा ते. आता गंमत बघ. बोरीतल्या ताईने हा नियम फोनवर परभणीच्या मावशीला सांगितला, तर मावशीच्या अंगणातही अगदी तीच रांगोळी उमटते. रांगोळी न पाठवता रांगोळी पोहोचली!

कॉम्प्युटरला आपण असाच नियम देतो. त्यालाच म्हणायचं प्रोग्रॅम.

पण कॉम्प्युटरची चित्रं पहिल्यांदा भिंतीवर कधी लागली? ओळख बरं! तुझे आजी-आजोबा लहान होते तेव्हा! १९६५ साली जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात गेऑर्ग नेस यांनी कॉम्प्युटरने काढलेली चित्रं भिंतीवर लावली. हे जगातलं असं पहिलं प्रदर्शन मानतात. कॉम्प्युटर हुकूम सोडायचा आणि त्याप्रमाणे एक यंत्र खरंखुरं पेन कागदावर फिरवायचं. सर्रर्र!

नेस यांचं एक चित्र तर मला फारच आवडतं. एका ओळीत १२ चौकोन, अशा २२ ओळी. वरचे चौकोन कसे सरळ! खाली यावं तसे ते डुगडुगतात, कलंडतात, शेवटी धडाधड कोसळताना दिसतात. कुठला चौकोन किती कलंडणार? ते नेस यांनी ठरवलंच नाही! कॉम्प्युटरने मनाला येईल तो आकडा उचलायचा आणि तेवढा चौकोन कलंडवायचा. नियम एवढाच, की खाली जाल तशी जास्त कलंडायची मुभा.

आता आणखी मोठी गंमत. पॅरिसमध्ये व्हेरा मोल्नार नावाच्या चित्रकार होत्या. १९५९ साली त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. मग त्यांनी काय केलं असेल? मनातल्या मनात एक यंत्र बनवलं! नियम लिहायचे आणि यंत्राच्या शिस्तीने ते आपल्याच हातांनी पाळायचे. खरा कॉम्प्युटर त्यांच्या हाती आला १९६८ साली. तोवर नऊ वर्षं त्या स्वतःच कॉम्प्युटर होत्या!

आणि आपल्या मुंबईत? तिथेही असंच घडलं होतं!

चित्रकार अकबर पदमसी यांना १९६९ साली नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांतून त्यांनी व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केलं. चित्रकार, फोटोग्राफर, सिनेमावाले, सगळे तिथे एकत्र जमायचे. पदमसींनी तिथे जवळजवळ १००० चित्रं काढली. हाताने! रेघ कुठून निघणार, कुठे पोहोचणार, हे ठरवायचे आकडे. मग अॅनिमेशनचे उस्ताद राम मोहन यांनी ती चित्रं पडद्यावर हलती केली.

तयार झाली ‘सिझिजी’ नावाची ११ मिनिटांची फिल्म. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही, गाणं नाही. आवाजसुद्धा नाही! नुसत्या रेघा. एक येते, दुसरी तिला भेटते, बघता बघता जाळं विणलं जातं.

हे आपल्याला कळलं कसं? कला-इतिहासकारांमुळे! ही माणसं जुन्या चित्रांचे गुप्तहेर असतात. जुनी रिळं बघायची, कागद चाळायचे, म्हाताऱ्या कलाकारांना प्रश्न विचारायचे. भारतात यंत्रांच्या मदतीने होणारी कला १९९० नंतर आली, असंच बरेच जण धरून चालले होते. मुंबईच्या अभ्यासक नॅन्सी अदजानिया मात्र त्याच्याही मागे गेल्या. पदमसींच्या या आकड्यांच्या रेघांबद्दल त्यांनी लिहिलं आणि गोष्टीची सुरुवात एकदम वीसेक वर्षं मागे सरकली! मला तर हे नेसच्या चौकोनांहूनही भारी वाटतं.

पण एक हळहळ आहेच. पदमसींची दुसरी फिल्म होती ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. तिची एकच प्रत होती आणि ती हरवली. पार गायब! मग दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी म्हाताऱ्या पदमसींनाच गाठलं. त्यांच्या आठवणी गोळा करून २०१६ साली त्याच नावाची नवी फिल्म केली. बरं झालं त्यांनी वेळेत विचारलं, कारण २०२० साली पदमसी गेले.