एका मण्याचा फरक

जीवशास्त्राची क्रमिक पुस्तके अणूपासून रेणूकडे, रेणूपासून पेशीकडे आणि तेथून इंद्रियांच्या वाटेने अखेर मानवी देहापर्यंत येतात खरी. परंतु एका प्रकरणातील घडामोडींचा अंमल पुढच्या प्रकरणावर कसा चालतो, हे परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही विद्यार्थ्याला क्वचितच उमगते. ज्याला हा अंमल अथपासून इतिपर्यंत एकाच ठिकाणी पाहावयाचा असेल, त्याने सिकलसेल या व्याधीकडे पाहावे; आणि त्यासाठी त्याला परमुलखात जाण्याचेही कारण नाही, कारण गडचिरोली-चंद्रपूरपासून नंदुरबारपर्यंतच्या कित्येक गावांत ही व्याधी पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे.

निरोगी प्रौढ माणसाच्या देहात सुमारे २५ लक्ष कोटी तांबड्या पेशी असतात आणि प्रत्येकीत हिमोग्लोबिन या प्रथिनाचे सुमारे २७ कोटी रेणू ठासून भरलेले असतात. परिपक्व होताना ही पेशी आपले केंद्रकदेखील टाकून देते, आणि अशा रीतीने स्वतःच्या डागडुजीची तजवीजच गमावून बसल्यामुळे सुमारे १२० दिवसांत तिची मुदत संपते. हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असून प्रत्येक साखळीच्या कुशीत लोहाचा एक अणू असतो. फुप्फुसात प्राणवायू या लोहाला बिलगतो आणि दूरच्या स्नायूत पोहोचला की सुटतो. ही रचना उकलण्यासाठी मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिज येथे १९३७ पासून दोन दशकांहून अधिक काळ खर्ची घातला, यावरून तिची गुंतागुंत ध्यानी यावी.

या चारांपैकी दोन साखळ्या प्रत्येकी १४६ ॲमिनो आम्लांच्या, म्हणजे जणू १४६ मण्यांच्या माळाच असतात. सिकलसेलच्या रुग्णात या माळेतील सहावा मणी तेवढा बदललेला असतो: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. हा सारा बदल जनुकातील एका अक्षराचा. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात निराळ्या गतीने सरकते हे दाखवून, व्याधीचे मूळ रेणूत असू शकते असे प्रतिपादन केले, आणि पुढे काही वर्षांतच व्हर्नन इंग्रॅम यांनी तो नेमका मणी हुडकून काढला. वैद्यकाच्या इतिहासात इतका स्वच्छ पुरावा फार थोड्या व्याधींच्या वाट्याला आला असेल.

आता या क्षुल्लक भासणाऱ्या बदलाचा परिणाम पाहा. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युत्प्रभार असून त्याला पाण्याचा सहवास मानवतो, तर व्हॅलीन पाणी टाळू पाहते. रेणूने प्राणवायू सोडला की त्याच्या पृष्ठभागावरचे हे व्हॅलीन शेजारच्या रेणूवरील तशाच जलविरोधी खोबणीत जाऊन रुतते, त्याला तिसरा रेणू चिकटतो, आणि पाहता पाहता लांबलचक ताठर धागे तयार होऊन एरवी लवचीक असणारी गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. फुप्फुसात प्राणवायू पुन्हा मिळताच धागे विरघळतात. पण हा क्रम वारंवार घडल्यावर पेशी कायमची वाकडी राहते. अशा पेशी केशवाहिन्यांत अडकतात, त्यांच्यापलीकडच्या ऊतकाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि रुग्णाची हाडे, छाती, पोट असह्य ठणकू लागतात. प्लीहा बालपणीच निकामी होऊ लागल्याने जंतूंचा बंदोबस्त ढिला पडतो. आणि पेशी १२० ऐवजी जेमतेम १० ते २० दिवस टिकत असल्याने अस्थिमज्जेने कितीही घाई केली तरी पंडुरोग हटत नाही.

मग इतके घातक जनुक टिकले कसे? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील निरीक्षणांवरून याचा उलगडा केला: हे जनुक एकाच पालकाकडून आलेल्या वाहकाला मारक हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते. जंगलपट्टीतील हिवतापाने ज्या मुलांना एरवी नेले असते, त्यांतली कित्येक या जनुकामुळे जगली, आणि त्यांच्या वंशजांपैकी काहींना त्याचे मोल वेदनेने मोजावे लागले. वाहक स्वतः सहसा आजारी नसतो. परंतु दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला व्याधी होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणूनच लग्नाआधी पत्रिकेबरोबर रक्तही तपासावे, असा आग्रह आरोग्य कर्मचारी धरतात. हा आग्रह योग्यच आहे. मात्र वाहक असण्याचा ठपका केवळ मुलीवर ठेवून सोयरीक मोडणाऱ्यांना जीवशास्त्राचा कोणताही आधार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

उपचाराची वाट मात्र त्या सहाव्या मण्यापासून निघाली नाही. गर्भात असताना आपले हिमोग्लोबिन निराळ्या साखळीचे असते आणि जन्मानंतर ते हळूहळू मागे पडते. म्हणूनच या व्याधीचे अर्भक पहिले काही महिने बहुधा सुखरूप असते. हायड्रॉक्सियुरियाची गोळी हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन काही अंशी परत आणते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुकसंपादनाचा उपचारही तेच करतो, फक्त अधिक परिणामकारकपणे. त्याची अमेरिकेतील किंमत २२ लक्ष डॉलर आहे. सबब गडचिरोलीच्या रुग्णाची भिस्त तूर्त त्या गोळीवर, फॉलिक आम्लावर, भरपूर पाण्यावर आणि ताप येताच दवाखाना गाठण्यावरच आहे.