दहा हजार वेढे आणि एक नाव

‘पिकअप’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पहाटे मार्केट यार्डात कोबीची पोती उतरवणारी गाडी! त्यामुळे माझ्या धाकट्या लेकीनं जेव्हा जाहीर केलं की, ‘मला गिटारचे पिकअप बदलायचेत,’ तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, ‘अगं, एवढीशी गिटार न्यायला गाडी कशाला हवी?’

हशा पिकला. पण मैत्रिणींनो, पुढचे पंधरा दिवस या छोट्याशा वस्तूनं आमचं घर असं काही व्यापलं की, इतिहास घेऊन बी.ए. झालेली मी तारा, चुंबकं आणि वेढे यांच्या गप्पा मारू लागले. त्यातून हाती जे लागलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

तर आधी पिकअप म्हणजे काय, ते बघू. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही धड जात नाही. तिच्या तारांखाली एक चपटी पेटी बसवलेली असते. आत चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात अगदी बारीकशी वीज तयार होते. सायकलचा डायनामो आठवतो ना? त्याच घराण्यातली गोष्ट. ती वीज ॲम्प्लिफायरमध्ये गेली की मोठा आवाज होऊन बाहेर पडते. ‘दम मारो दम’च्या सुरुवातीची ती गिटार आठवा. भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली. तारेची थरथर आपल्या कानापर्यंत पोचते, ती अशा वेटोळ्यातूनच.

यात एक अडचण होती. वेटोळं तारेची थरथर पकडतं, तशी घरातल्या विजेची भुणभुणही पकडतं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेतली ६० ची. जुन्या फ्रिजसारखी ती घरघर गाण्याच्या मागे चालूच. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कलामाझू नावाचं गाव आहे. तिथल्या गिब्सन कंपनीतले तंत्रज्ञ सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर उपाय काढला. एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवायची आणि उलटसुलट जोडायची. बाहेरची भुणभुण दोन्हींत सारखीच येते, पण जोडणी उलटी असल्यामुळे एकमेकींना खोडून काढते. चुंबकाची टोकंही उलटी ठेवलेली असल्यामुळे तारेचा सूर मात्र खोडला जात नाही, उलट दुप्पट होतो. हम म्हणजे भुणभुण, तिला हुसकावणारा तो ‘हमबकर’!

लव्हर यांनी जून १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला, पेटंट मिळालं जुलै १९५९ मध्ये. मधल्या काळात, १९५७ पासून हे पिकअप गिटारींवर बसू लागले. त्यांच्या पाठीवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी इवलीशी चिठ्ठी चिकटवलेली असे. इंग्रजी आद्याक्षरांवरून वादक त्यांना ‘पीएएफ’ म्हणतात. आज या जुन्या पिकअपांची एकेक जोडी लाखो रुपयांना जाते. आणि ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्यासाठी जगभरातले कारागीर ‘जुन्या धर्तीचे’ पिकअप बनवतात. लेकीला हवे होते ते असले.

आता गंमत ऐका. हे जुने पिकअप सगळे एकसारखे नाहीत. प्रत्येक वेटोळ्यात साधारण पाच हजार वेढे, म्हणजे एका पिकअपमध्ये दहा हजार. पण वेढे मोजून आपोआप थांबेल अशी सोय त्या यंत्रांवर नव्हती, असं जाणकार सांगतात. कुठे वेढे थोडे जास्त, कुठे कमी. चुंबकही कधी या प्रतीचं, कधी त्या. म्हणून प्रत्येकाचा आवाज वेगळा. कुणाचा मधाळ, कुणाचा करकरीत. त्या फरकालाच आज ‘जादू’ म्हणतात आणि त्यासाठी पैसे मोजतात.

मी लेकीला विचारलं, ‘पण हे वेढे घातले कुणी?’

तिला माहीत नव्हतं. मग दोघी मिळून शोधू लागलो. आणि निघाल्या कोण, तर बायका!

गिटारच्या कारखान्यांत वेटोळी गुंडाळण्याचं काम बहुतेक करून बायकांकडे असे. बोटं नाजूक, नजर बारीक, चिकाटी दांडगी, असं म्हणून हे काम त्यांना द्यायचं आणि पगार मात्र बेताचा! हे आपल्याला काही नवीन नाही. गिब्सनच्याच कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा गावातल्या बायकांनी गिटारी बनवल्या होत्या. जॉन थॉमस या कायद्याच्या प्राध्यापकानं त्यातल्या काही जणींना म्हातारपणी शोधून काढलं आणि ‘कलामाझू गॅल्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. तोवर त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललंच नव्हतं.

कॅलिफोर्नियात फेंडर ही दुसरी मोठी कंपनी. तिथे १९५६ मध्ये अबिगेल इबारा नावाची तरुण मुलगी कामाला लागली. ती पिकअप गुंडाळत राहिली, तार बोटांच्या चिमटीतून सोडत. निवृत्त झाली २०१३ मध्ये! तिचं नाव जगाला कळलं ते फार उशिरा; मग मात्र तिच्या हातचे पिकअप तिच्या नावानं विकले जाऊ लागले. जाण्याआधी तिनं आपली विद्या जोसेफिना कॅम्पोस यांना दिली. सीमूर डंकन या पिकअप बनवणाऱ्या कंपनीत मारिसेला हुआरेझ यांचं असंच नाव झालं. गिब्सनच्या जुन्या कारखान्यातलं वेटोळी गुंडाळायचं यंत्र या कंपनीनं विकत घेतलंय. आणि या कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक कॅथी कार्टर डंकन, म्हणजे बाईच. पाटीवर नाव मात्र सीमूर यांचं.

एक गोष्ट मला फार भिडली. १९५० च्या दशकातल्या काही फेंडर गिटारी उघडल्या, तर आत लाकडाच्या खोबणीत चिकटपट्टीचा तुकडा सापडतो. त्यावर पेन्सिलीनं नाव असतं. ‘मेरी’. ‘ग्लोरिया’. आतल्या तारा जोडणाऱ्या बायकांनी लिहिलेलं. आडनाव नाही, काही नाही. गिटार बंद झाली की कुणाला दिसणारही नाही, अशा जागी.

असो. आता आमच्या प्रयोगाकडे वळते. लेकीची गिटार जुनी, सीनियर मैत्रिणीकडून घेतलेली. तिच्यावर दोन हमबकर. त्यातला एक मुका झाला होता आणि दुसऱ्याचा आवाज गोणपाटाआडून आल्यासारखा. नवी गिटार घेणं शक्य नव्हतं. शिकवणीच्या पैशांतून तिनं भारतातच बनलेली, जुन्या धर्तीची साधी जोडी मागवली. पण सोल्डरिंग कोण करणार? मला आमच्या बचत गटातल्या एक वहिनी आठवल्या. त्यांच्या घरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंख्यांची, पाण्याच्या मोटारींची जळलेली वेटोळी त्या अठरा वर्षं भरताहेत.

वहिनींनी नवा पिकअप हातात घेतला, मीटर लावला. एक ७.६ किलोओहम, दुसरा ८.१. ‘ताई, वायर बघितली का? केसापेक्षा बारीक. आमच्या पंख्याची वायर याच्यापुढं सुतळी वाटंल!’ मग त्या जे बोलल्या ते मी लिहूनच घेतलं. ‘ताण डोळ्यांना दिसत नाही ताई, बोटाला कळतो. जास्त ओढली की तुटती, सैल सोडली की वेढा फुगतो.’ अबिगेलला ही वहिनींची भाषा लगेच समजली असती.

पिकअप बदलण्याआधी लेकीनं एक शहाणपणा केला. दोन्ही वेळी तारा नव्या घातल्या, ॲम्प्लिफायरची बटणं होती तिथेच ठेवली आणि तीच धून आधी आणि नंतर मोबाइलवर रेकॉर्ड केली. तीही ज्या जागेचा पिकअप चांगला होता, त्याचीच. मुक्याशी तुलना कसली करायची? मग आम्हा तिघांना पाठ करून बसवलं आणि दोन्ही आवाज उलटसुलट दहा वेळा ऐकवले. मी सात वेळा नवा बरोबर ओळखला, वहिनींनी आठ वेळा, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नऊ वेळा! अण्णा भजनी मंडळातले, मिरजेच्या तंबोऱ्यांवर कान तयार झालेला. म्हणाले, ‘जवारी उघडल्यागत झालंय. सूर तोच, पण मोकळा.’ तंबोऱ्याच्या घोडीवर दोऱ्याचा तुकडा जरा पुढे-मागे सरकवला की आवाज कसा खुलतो, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना अण्णांचं म्हणणं कळेल.

सगळं गोडच झालं असंही नाही. आवाज कमी केला तरी सूर स्वच्छ राहतो, हा फायदा. पण खूप मोठा केला की नवा पिकअप शीळ घालतो. जुन्या धर्तीप्रमाणे आत मेण भरलेलं नाही, म्हणून वेढे थरथरतात. लेक आता ॲम्प्लिफायरपासून चार पावलं लांब उभी राहते.

तुमच्याही घरी असा हट्ट निघाला, तर थोडं लक्षात ठेवा. आधी गिटारच्या तारा बदलून बघा; निम्मा मळकटपणा तिथेच जातो. पिकअपचा स्क्रू फिरवून उंची थोडी कमी-जास्त करा. त्याला पैसे पडत नाहीत. मागवताना मापं जुळताहेत ना, हे पाहा. जुनी जोडणी सोडवण्याआधी तिचा फोटो काढा. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा. आणि जुना पिकअप टाकून देऊ नका.

आमच्या मुक्या पिकअपचंच बघा ना. वहिनींनी तो घरी नेला, पट्टी सोडवली आणि भिंगाखाली धरला. बारीक तार जिथे जाड तारेला जोडलेली असते, नेमकी तिथेच तुटली होती. त्यांनी टोक शोधून पुन्हा डाख दिला आणि मुका बोलू लागला. दुसऱ्या कुणाच्या गिटारवर तो आता बसेल.

लेकीनं चिकटपट्टीचा तुकडा घेतला, त्यावर वहिनींचं नाव आणि तारीख लिहिली आणि पिकअपच्या पोटाशी लावली. वहिनी लाजल्या. ‘कोण बघणार हाय तिथं?’

वहिनींच्या दुकानावर मोठी पाटी आहे. त्यावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव आहे, मालकांचं आहे, शाळेत जाणाऱ्या मुलाचंही आहे. मी विचारलं, ‘वहिनी, लेखात तुमचं नाव घालू का?’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘नको ताई. घरी विचारावं लागंल.’

म्हणून इथे नुसतं ‘वहिनी’ लिहिलंय. पण गटाच्या गेल्या बैठकीत मी एक विषय मांडला. आपल्या शेवयांच्या पाकिटावर गटाचं नाव असतंच; त्याखाली ज्या दोघींनी त्या वळल्या, त्यांचीही नावं लिहायची. बारा जणींपैकी सात जणींनी हात वर केला. वहिनींचा हात आधी मांडीवरच होता. सगळ्यात शेवटी, अर्धाच, पण तो वर आला. म्हणजे आठ.

उरलेल्या चौघी घरी विचारून सांगणार आहेत.