तासाला साडेआठ हजार डॉलर
(परमुलखी फौजा : लेखांक १२)

कोसोव्हो या आठवड्यात येणार होतं. येत नाही. त्याला जबाबदार सांगलीचे एक वाचक. हे गृहस्थ आकाशवाणीच्या ट्रान्समीटरवर उभी हयात घालवून निवृत्त झाले आहेत. मागच्या लेखांकात रवांडाबद्दल लिहिताना 'रेडिओ बंद पाडायचा विचार झाला, पण तो बारगळला' असं एक वाक्य मी लिहून गेलो होतो. त्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. 'फौज पाठवावी की पाठवू नये यावर तुम्ही अकरा आठवडे लिहिताय. एक एफएम स्टेशन दाबायला फौज कशाला लागते?' बरोबर लहरींच्या आकृत्या काढलेली तीन पानं जोडलेली. खरं सांगायचं तर हा माझा लाडका विषय आहे आणि मला निमित्तच हवं होतं.

त्या रेडिओचं नाव आरटीएलएम. १९९३च्या जुलैत सुरू झालेलं खासगी स्टेशन. मालकीत राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांच्या गोटातली माणसं, आणि सूत्रं फर्दिनांद नाहिमाना या इतिहासाच्या प्राध्यापकाकडे. सरकारी रेडिओ रवांडा म्हणजे मंत्र्यांची भाषणं आणि जड आवाजातल्या बातम्या. आरटीएलएमवर काँगोची नाचरी गाणी लागत, निवेदक थट्टामस्करी करत, गप्पांच्या अड्ड्यावर बोलावं तसं बोलत, श्रोते फोन करत. कांतानो हाबिमाना हा निवेदक तर ज्यांच्याविरुद्ध तो बोले त्यांनाही हसवायचा म्हणतात. तरुण पोरांना हे स्टेशन आवडलं नसतं तरच नवल. तुत्सींना झुरळं म्हणायची सवय या हसण्याखिदळण्यातच लागली. (सिमोन बिकिंदी या गायकाची गाणी तिथे सारखी वाजत. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला पंधरा वर्षांची शिक्षा दिली, पण ती गाण्यांसाठी नव्हे. गाडीवरच्या ध्वनिक्षेपकावरून त्याने रस्त्यात जी चिथावणी दिली, तिच्यासाठी.)

६ एप्रिल १९९४च्या रात्री हाब्यारिमानांचं विमान पडलं, तुत्सींची कत्तल सुरू झाली आणि स्टेशनचं काम बदललं. आता निवेदक नावं वाचू लागले. कोणाच्या गाडीचा नंबर काय, कोण कुठे लपलंय, कोणत्या रस्त्यावरच्या नाक्याने डोळ्यांत तेल घालून बसावं. नाक्यांवरच्या टोळक्यांच्या एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात ट्रान्झिस्टर, असं वर्णन त्या दिवसांत किगालीत असलेल्या किती तरी माणसांनी केलंय.

यात एक गोष्ट सहसा निसटते. शांतिसेनेतल्या बेल्जियन सैनिकांविरुद्ध या रेडिओने आधीपासूनच विष पेरलं होतं. विमान बेल्जियनांनीच पाडलं ही आवई उठली, ती यानेही पसरवली. ७ एप्रिलला दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, आणि दोन आठवड्यांच्या आत बेल्जियमने आपली सगळी तुकडी काढून घेतली. शांतिसेनेचा सेनापती दालेअर याच्या जानेवारीतल्या तारेत हाच डाव लिहिला होता, ते आपण पाहिलं आहे. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणायचं ठरवलं. बाहेरून फौज आणायची की नाही याचा काथ्याकूट चालू असताना, जी फौज तिथे होती तिला हुसकावून लावण्याच्या कामात या रेडिओचाही हात होता. सांगलीकरांचा प्रश्न त्यामुळेच मला फौजेबाहेरचा वाटत नाही.

दालेअर हे स्टेशन बंद पाडा म्हणून सांगत होताच. वॉशिंग्टनमध्ये तोच हट्ट धरणारी बाई म्हणजे परराष्ट्र खात्यातल्या प्रूडन्स बुशनेल. ही बाई रात्री दोनचा गजर लावून उठायची आणि रवांडाच्या सरसेनापतीला, ऑगस्टिन बिझिमुंगूला, थेट फोन लावायची. कत्तली थांबवा, तुम्हाला व्यक्तिशः जबाबदार धरलं जाईल, असं बजावायची. तिकडून बिझिमुंगू गोड फ्रेंचमध्ये तिच्या फोनबद्दल आनंद व्यक्त करायचा. एका महासत्तेचं रवांडाविषयीचं धोरण काही दिवस एका अधिकारी बाईच्या गजरावर चालू होतं म्हणायला हरकत नाही. तिने रेडिओ दाबायचा विषय काढला तेव्हा संरक्षण खात्याच्या माणसाने उत्तर दिलं की माणसं रेडिओ मारत नाही, माणसंच माणसांना मारतात. हे तिनेच पुढे सांगितलेलं.

संरक्षण खात्याचं लेखी उत्तर आहे ५ मे १९९४ या तारखेचं. उपसचिव दर्जाच्या फ्रँक विस्नर यांनी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सँडी बर्गर यांना पाठवलेलं टिपण. पुढे ते खुलं झालं, आणि मी ते इतक्यांदा वाचलंय की कुठल्या ओळीनंतर कुठली येते ते सांगू शकेन. मजकूर जेमतेम पानभर. तात्पर्य असं : रेडिओ दाबणं खर्चिक आणि कुचकामी ठरेल. आंतरराष्ट्रीय करार आड येतात. मुलूख डोंगराळ, त्यामुळे जमिनीवरून दाबा की विमानातून, परिणाम कमीच. या कामाचं विमान आपल्याकडे एकाच प्रकारचं, 'कमांडो सोलो'. त्याचा खर्च तासाला अंदाजे ८,५०० डॉलर. शिवाय त्या विमानाला स्वतःचा बचाव फारसा करता येत नाही, म्हणून आकाश बऱ्यापैकी सुरक्षित हवं. त्यापेक्षा विमानं मदत पोचवायला वापरणं शहाणपणाचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आता एकेक मुद्दा घेऊ. डोंगरांचा मुद्दा सांगलीकरांच्या हवाली करतो, कारण तो त्यांचा प्रांत. ते लिहितात, एफएमच्या लहरी दृष्टीच्या रेषेत जातात, डोंगर आला की अडतात, हे खरं. पण ते आधी आरटीएलएमच्याच मुळावर येतं. त्यांचे ट्रान्समीटर दोन, एक किगालीत आणि एक मुहे पर्वतावर. जमिनीवरून दाबायचं तर डोंगर आड येतील, कबूल. विमान डोंगरांच्या वर असतं, त्याला दरीतही थेट दिसतं. आणि एफएमच्या संचाची खोड अशी की एकाच लहरीवर दोन स्टेशनं आली तर जे जोरात येतंय तेवढंच तो धरतो, दुसरं गिळून टाकतो. मग विमानाला डोंगरांची अडचण कशी? या परिच्छेदाखाली त्यांनी लाल शाईने लिहिलंय : 'नाचता येईना, अंगण वाकडे.'

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मी त्यांच्याइतक्या सहज उडवून लावणार नाही. किगालीच्या आकाशात महिन्याभरापूर्वीच एक विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं होतं, तेही राष्ट्राध्यक्षांचं. वैमानिक पाठवणाऱ्याला हे आठवणारच. खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं फार उंच पोचत नाहीत आणि हे विमान उंचावरून काम करू शकतं, हे उत्तर आहे. पण ते सांगलीतून किंवा माझ्या खोलीतून द्यायला सोपं.

कराराचा मुद्दा मजेशीर आहे. कोणत्या देशाच्या हवेत काय प्रसारित व्हावं हा त्या देशाचा अधिकार, हे तत्त्व आहेच. शिवाय सोव्हिएत संघ व्हॉइस ऑफ अमेरिका दाबतो म्हणून अमेरिकेने वर्षानुवर्षं ओरड केली होती. आता आपणच दाबायला लागलो तर कोणत्या तोंडाने बोलणार, ही अडचण नुसती सबब नव्हती. पण सुरक्षा परिषदेत हा विषय नेऊन अडचण दूर करता आली असती. नाही म्हणायला त्या वर्षी परिषदेच्या अस्थायी सदस्यांत रवांडाचाही प्रतिनिधी होता. म्हणजे ज्यांच्या राज्यात कत्तल चालू होती त्यांचाच माणूस टेबलाशी बसलेला. तरी त्याच्याकडे नकाराधिकार नव्हता.

राहता राहिला पैसा. तासाला ८,५०० म्हणजे चोवीस तासांचे दोन लाख चार हजार. शंभर दिवस सलग धरले तर दोन कोटी चार लाख डॉलर. याच्या अनेक पट रक्कम अमेरिकेने जुलैनंतर झाईरमधल्या गोमाच्या निर्वासित छावण्यांवर खर्च केली, आणि त्या छावण्यांत कत्तल करून पळालेलेही भरपूर होते. तेच कमांडो सोलो विमान त्याच वर्षी सप्टेंबरच्या मोहिमेत हैतीच्या आकाशात घिरट्या घालत होतं, तिथले पदच्युत राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांचे संदेश ऐकवत. तिथे दाबायचं नव्हतं, बोलायचं होतं, एवढा फरक धरला तरी हैतीच्या हवेवरचा हैतीचा अधिकार तिथे कोणाला आडवा आला नाही. कारण अमेरिका हैतीत उतरायचं ठरवून बसली होती.

माझ्या मते खरं कारण या टिपणात लिहिलेलंच नाही. ऑक्टोबर १९९३मध्ये मोगादिशूत अठरा अमेरिकन सैनिक मेले होते. क्लिंटन यांनी शांतिमोहिमांत पडण्याच्या अटी कडक करणाऱ्या निर्देशावर ३ मे रोजी सही केली, म्हणजे टिपणाच्या दोनच दिवस आधी. आज रेडिओ दाबला आणि उद्या कत्तल थांबली नाही, तर परवा लोक विचारणार, आता काय? रेडिओ दाबणं म्हणजे रवांडात काय चाललंय ते आपल्याला कळलंय अशी कबुली, आणि कबुलीनंतर हात बांधून बसणं अवघड जातं. म्हणून पहिलीच पायरी चढायची नाही. ही भीती मूर्खपणाची होती असं मी म्हणणार नाही. सोमालियात पायरी-पायरीनेच पाय अडकला होता. पण मग तसं लिहायचं. तासाच्या भाड्याचा हिशेब मांडून डोंगरांना कशाला बोल लावायचा?

दाबलं असतं तर किती जीव वाचले असते, यावर अभ्यासकांत जुंपलेली आहे. स्कॉट स्ट्रॉस यांनी तुरुंगात जाऊन दोनशेहून अधिक मारेकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. बहुतेकांनी सांगितलं की रेडिओ ऐकून आम्ही निघालो नाही. गावचा पुढारी, शेजारी, टोळकं दारात आलं आणि चल म्हणालं. उलट डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ साली वेगळीच युक्ती केली. टिपणात ज्यांच्यावर खापर फोडलं तेच डोंगर त्याने कामाला लावले. डोंगराच्या आडोशामुळे कोणत्या गावात आरटीएलएम ऐकू येत होतं आणि लगतच्या कोणत्या गावात येत नव्हतं, हे नकाशावर काढलं, आणि पुढे कत्तलीत सामील झालेल्यांवरचे खटले गावागणिक मोजले. जिथे ऐकू येत होतं तिथे प्रमाण जास्त. त्याच्या हिशेबाने एकूण सहभागातला सुमारे दहा टक्के वाटा या रेडिओचा, म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास माणसं.

मला दोघांचंही पटतं. मारेकऱ्याच्या दारात टोळकं आलं हे खरं, आणि त्या टोळक्याला आज कोणत्या घरी जायचं ते कोणी सांगितलं हा निराळा प्रश्न. आठ लाखांची कत्तल एका विमानाने थांबली नसती. खुद्द आरपीएफने, म्हणजे तुत्सी बंडखोरांच्या फौजेने, स्टेशनवर तोफगोळे टाकले होते, तरी ते पुन्हा बोलू लागलं. जुलैच्या सुरुवातीला किगाली पडलं तेव्हा फिरता ट्रान्समीटर घेऊन मंडळी पळाली आणि पळता पळता प्रसारण करत राहिली. पण दहाऐवजी पाच टक्के धरा, तरी ८,५०० डॉलरचा तास मला महाग वाटत नाही.

आणि आता कोसोव्होची एक चुणूक देतो, कारण ती इथलीच आहे. १९९७च्या ऑक्टोबरमध्ये बोस्नियातल्या नाटोच्या फौजेने कट्टर सर्ब गटाच्या टीव्हीचे चार ट्रान्समीटर ताब्यात घेतले. जाऊन, दार उघडून, बसले. दीड वर्षाने, २३ एप्रिल १९९९च्या पहाटे, त्याच नाटोच्या विमानांनी बेलग्रेडमधली सर्बियन टीव्हीची इमारत उडवली. रात्रपाळीचे सोळा कर्मचारी मेले. ॲम्नेस्टीने याला युद्धगुन्हा म्हटलं. हेगच्या न्यायाधिकरणाच्या वकिलांनी चौकशी उघडायला नकार दिला. शिक्षा झाली ती टीव्हीच्याच प्रमुखाला, दहा वर्षांची. इमारत रिकामी करायला हवी होती आणि त्याने केली नाही म्हणून. किगालीच्या स्टेशनवर नुसता खरखराट सोडायला जो कायदा आड येत होता, तो पाच वर्षांनी बेलग्रेडला बॉम्ब टाकताना आड आला नाही. आणि बेलग्रेडचं स्टेशन सरकारी अपप्रचार करत होतं. घराचे पत्ते वाचून दाखवत नव्हतं.

सांगलीकरांनी पत्राच्या शेवटी आणखी एक प्रश्न टाकलाय : दाबण्याऐवजी त्याच लहरीवर कोणी किन्यारवांडा भाषेत खरं सांगितलं असतं तर? तसा एक रेडिओ निघाला होता. अगाताश्या त्याचं नाव, स्वित्झर्लंडच्या पत्रकारांनी झाईरमधल्या बुकावूहून चालवलेला. तो सुरू झाला ऑगस्टमध्ये. त्याची हकीकत मोठी आहे आणि ती कोसोव्होनंतर घेईन. कोसोव्हो पुढच्या आठवड्यात. सुरुवात बेलग्रेडच्या त्या इमारतीपासूनच करू, म्हणजे सांगलीहून पत्र आलंच तर ते निदान विषयाला धरून असेल.