न झालेलें मुष्टियुद्ध

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या वादविवाद-मंडळांत कधीं कधीं असा विषय निघतो कीं, त्याचा निकाल कोणत्याहि पुस्तकांत सांपडत नाहीं. दोन वीरांपैकीं श्रेष्ठ कोण? ते एकमेकांशीं झुंजले असतील, तर प्रश्न तेथेंच मिटतो. झुंजलेच नसतील, तर वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो. अमेरिकेंतील मुष्टियुद्धाच्या इतिहासांत असा एक सामना प्रसिद्ध आहे. जॅक डेम्प्सी आणि हॅरी विल्स हे त्यांतील दोन योद्धे. १९१९ पासून १९२६ पर्यंत सात वर्षें या सामन्याची चर्चा झाली, दोन वेळां करारावर सह्याहि झाल्या. परंतु सामना मात्र झाला नाहीं. तो झाला असता तर कोण जिंकला असता, हा एक प्रश्न. आणि तो कां झाला नाहीं, हा दुसरा. पहिला मनोरंजक आहे, दुसरा बोधप्रद आहे. दोहोंचाहि येथें थोडा विचार करूं.

प्रथम अजिंक्यपदाची रीत समजून घेतली पाहिजे. धांवण्याच्या शर्यतींत सर्व स्पर्धक एकाच रेषेवर उभे राहतात व जो आधीं पोहोंचेल तो पहिला ठरतो. मुष्टियुद्धाचें तसें नाहीं. तेथें पद एका व्यक्तीजवळ असतें, आणि त्या व्यक्तीनें आव्हान स्वीकारून हार खाल्ली म्हणजेच तें सहसा दुसऱ्याकडे जातें. त्या काळीं आव्हान कोणाचें स्वीकारावयाचें, हें स्वतः विजेता, त्याचा व्यवस्थापक आणि सामन्यासाठीं पैसा उभा करणारा गृहस्थ हे तिघे मिळून ठरवीत. म्हणजे दाराची किल्ली घरांत बसलेल्याच्याच हातीं! बाहेरच्यानें कितीहि दार ठोठावलें, तरी आंतल्यानें उघडलें नाहीं तर त्याचा नाइलाज होतो.

आतां हे दोघे वीर कोण तें पाहूं. डेम्प्सी हा १८९५ सालीं कोलोराडो प्रांतांतील मनासा या खेड्यांत जन्मला. गरिबींत वाढलेला हा तरुण खाणींत राबत व लहानसहान गांवीं लढत वर आला. ४ जुलै १९१९ रोजीं टोलीडो येथें त्यानें जेस विलर्ड या साडेसहा फूट उंचीच्या विजेत्यास पहिल्याच फेरींत सात वेळां लोळविलें व अजिंक्यपद मिळविलें. विल्स हा त्याच्याहून सहा वर्षांनीं वडील. जन्म १८८९, गांव न्यू ऑर्लिअन्स. बंदरावर माल चढविण्या-उतरविण्याचें काम करून त्यानें अंग कमाविलें होतें. तो डेम्प्सीपेक्षां उंच असून वजनानें दोनशें पौंडांहून अधिक होता. डेम्प्सीचें वजन एकशें नव्वद पौंडांच्या आसपास असे. विल्स हा कृष्णवर्णीय होता. त्या काळीं कृष्णवर्णीयांसाठीं एक वेगळें अजिंक्यपद मानीत असत. तें विल्सजवळ होतें. अर्थात् एकाच खेळांत एकाच वेळीं दोन विजेते होते, आणि त्यांच्यामध्यें वर्णाची भिंत उभी होती.

डेम्प्सीच्या बाजूचे लोक म्हणतात : त्याचा वेग विजेसारखा, आणि पहिल्या मिनिटांतील हल्ला तर अंगावर डोंगर कोसळावा तसा. धिप्पाड प्रतिस्पर्धी हें तर त्याचें आवडतें भक्ष्य. फ्रेड फुल्टन यास त्यानें १९१८ सालीं अर्ध्या मिनिटाच्या आंत निजविलें. त्याच फुल्टनला पाडावयास विल्सला १९२० सालीं तिसऱ्या फेरीपर्यंत थांबावें लागलें. अर्जेंटिनाचा लुईस फिर्पो यास डेम्प्सीनें १९२३ सालीं दुसऱ्या फेरींत गारद केलें. विल्स १९२४ सालीं त्याच्याशीं बारा फेऱ्या लढला, वरचढहि ठरला, परंतु त्याला निकामी करूं शकला नाहीं. शिवाय सॅम लँगफर्डसारख्या ठेंगण्या पण बळकट योद्ध्यानें विल्सला दोन वेळां बेशुद्ध पाडलें होतें.

विल्सच्या बाजूचे लोक उत्तर देतात : विलर्ड टोलीडोच्या वेळीं सदतीस वर्षांचा होता व त्यापूर्वीं तीन वर्षें तो पदासाठीं लढलाच नव्हता; त्यास हरविल्यानें कसली परीक्षा झाली? फिर्पोनें तर डेम्प्सीला एका तडाख्यासरशीं दोरांपलीकडे, वर्तमानपत्रकारांच्या अंगावर फेंकून दिलें होतें. उलट, कृष्णवर्णीय योद्ध्यांना गोरे प्रतिस्पर्धी मिळत नसल्यामुळें तेच ते कसलेले योद्धे पुनःपुन्हां आपसांत लढत. एकट्या लँगफर्डशीं विल्स पंधराहून अधिक वेळां लढला. असें कठीण शिक्षण डेम्प्सीला कोठें मिळालें? जवळ येणाऱ्याला एका हातानें अडकवून दुसऱ्यानें मारण्याची विल्सची हातोटी डेम्प्सीच्या धांवत्या हल्ल्यास चांगलाच पायबंद घालूं शकली असती.

माझें मत विचाराल, तर १९२२ सालीं डेम्प्सीचें पारडें किंचित् जड होतें असें मला वाटतें. तेव्हां तो सत्तावीस वर्षांचा व विल्स तेहतीस वर्षांचा होता. परंतु वाटणें आणि सिद्ध होणें यांत अंतर आहे, व तें अंतर भरून काढण्यासाठींच तर सामने असतात!

मग हा सामना कां झाला नाहीं? त्याचें मूळ आधींच्या घटनांत आहे. १९०८ सालीं सिडने येथें जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. ४ जुलै १९१० रोजीं रीनो येथें त्यानें माजी विजेता जेफ्रीज यास हरवितांच अमेरिकेंतील अनेक शहरांत दंगे झाले व माणसें मेलीं. तो सामना भरविणारा टेक्स रिकर्ड हाच पुढें डेम्प्सीचे मोठे सामने भरवूं लागला. पुन्हां तसा प्रसंग आपल्या माथीं यावा अशी त्याची इच्छा नव्हती. १९१५ सालीं हॅवाना येथें विलर्डनें जॉन्सनला हरविलें, आणि जें दार बंद झालें तें झालेंच. डेम्प्सीनेंहि पद मिळतांच आपण कृष्णवर्णीयांशीं लढणार नाहीं असें जाहीर केलें. नवल हें कीं, १९१६ सालीं, पद नव्हतें तेव्हां, तो जॉन लेस्टर जॉन्सन या कृष्णवर्णीयाशीं लढला होता व त्यांत त्याच्या बरगड्याहि मोडल्या होत्या! येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. विजेता झाल्यावर खुद्द जॅक जॉन्सननेंहि लँगफर्डला पदासाठीं संधि दिली नाहीं. द्रव्यलोभ व भीति यांना वर्ण नसतो.

पुढें लोकमताचा रेटा वाढला. जुलै १९२२ मध्यें दोघांनीं करारावर सह्या केल्या. परंतु सामन्याचें स्थळ व दिवस ठरलाच नाहीं. १९२५ सालीं दुसरा करार झाला. विल्सला पन्नास हजार डॉलर मिळाले; डेम्प्सीला ठरलेली आगाऊ रक्कम मिळाली नाहीं, म्हणून तो निघून गेला. न्यूयॉर्कच्या क्रीडा-नियामक मंडळानें, आधीं विल्सशीं लढल्याखेरीज दुसऱ्याशीं लढतां येणार नाहीं, असा हट्ट धरला. तेव्हां जीन टनीबरोबरचा सामना न्यूयॉर्क सोडून फिलाडेल्फियास नेण्यांत आला. २३ सप्टेंबर १९२६ रोजीं एक लाख वीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, भर पावसांत, डेम्प्सीनें आपलें पद गमाविलें. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंतच, १२ ऑक्टोबर रोजीं, विल्स जॅक शार्कीशीं लढतांना नियमबाह्य प्रहारांमुळें तेराव्या फेरींत बाद ठरला. तेव्हां तो सदतीस वर्षांचा झाला होता. वाट पाहण्यांतच त्याचे उमेदीचे दिवस सरून गेले होते.

आपण लढावयास तयार होतों, दुसऱ्यांनीं तें होऊं दिलें नाहीं, असें डेम्प्सी उतारवयांत सांगत असे. तें खरें असेलहि. विल्सनें मुष्टियुद्ध सोडल्यावर न्यूयॉर्कमधील हार्लेम भागांत घरांच्या व्यवहारांत चांगला जम बसविला. तो १९५८ सालीं वारला. कृष्णवर्णीय योद्ध्यास या पदासाठीं लढण्याची संधि पुन्हां मिळाली ती १९३७ सालीं, जो लुई यास. म्हणजे तब्बल बावीस वर्षांनीं. लुईनें पद मिळविलें आणि तें पंचवीस वेळां पणास लावून राखलें.

सेंट पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत धांवण्याचा व मुष्टियुद्धाचा दाखला दिला आहे, तो आपण उपासनेच्या वेळीं ऐकला असेलच. त्या दाखल्यांत एक गोष्ट गृहीत आहे : धांवणाऱ्यास मैदानांत उतरूं दिलेलें असतें. विल्सला तेवढेंहि मिळालें नाहीं. आणि हानि एकट्या विल्सचीच झाली काय? आज डेम्प्सीचें नांव निघालें कीं, त्याच्या सर्व विजयांच्या शेवटीं कोणी तरी विचारतोच, "पण विल्सशीं तो कां लढला नाहीं?" या प्रश्नाला त्याच्या बलाढ्य मुठींजवळ उत्तर नव्हतें. अन्यायानें ज्याला दाराबाहेर ठेवलें जातें त्याची संधि जाते, हें उघड आहे; परंतु जो आंत बसून राहतो, त्याच्याहि यशाचा पुरावा त्याबरोबरच जातो.

यासाठीं, मित्रहो, पुढच्या वर्षीं खेळाच्या मैदानावर संघ निवडण्याची पाळी आपणांवर आली, तर जो मुलगा आपणांस हरवूं शकेल असें वाटतें, त्याला आधीं बोलवा. हरलांत तरी खरें काय तें कळेल. जिंकलांत तर त्या जिंकण्याविषयीं कोणास कांहीं विचारावें लागणार नाहीं.