कुत्र्यावरील आळ आणि त्याची चौकशी

महाभारताच्या आदिपर्वांत आरंभींच एका कुत्र्याची फिर्याद आलेली आहे. जनमेजय राजा कुरुक्षेत्रीं सत्र करीत असतां तेथें आलेल्या एका कुत्र्यास त्याच्या भावांनीं मारून हाकलून दिलें. त्या कुत्र्यानें हविर्द्रव्यास तोंड लावलें नव्हतें, इतकेंच नव्हे तर तिकडे पाहिलेंहि नव्हतें. त्याची आई सरमा हिनें येऊन, ‘याचा अपराध काय?’ असें विचारिलें असतां एकासहि उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां तुमच्यावर अकल्पित संकट येईल, असा तिनें शाप दिला. अपराध काय हें पाहण्यापूर्वीं काठी उगारण्याची ही चाल आपल्या गांवांतून अद्यापि गेलेली नाहीं. कुत्रा चावला अशी हाक उठली कीं, चार माणसें लाठ्या घेऊन निघतात आणि घटकाभरांत निकाल लागतो. हा निकाल कुत्र्यास तर भोंवतोच, पण पुष्कळदां तो चावलेल्या माणसाच्याच मुळावर येतो. म्हणून या प्रश्नाचा विचार शेतकरी बंधूंनीं शांतपणें करणें अगत्याचें आहे.

मळ्यांत वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबाचा कुत्रा हा बिनपगारी राखणदार होय. खळ्यावरील धान्य, गोठ्यांतील वासरें, पिकांत शिरणारीं रानडुकरें, या सर्वांवर त्याची नजर असते; धनगराच्या कळपास तर त्याच्यावांचून रात्र काढणें कठीण. अनोळखी माणसावर धांवून जावें म्हणून आपण त्यास पाळतों, आणि पाहुण्याच्या अंगावर गेला म्हणून त्यासच दोष देतों. कोण चोर व कोण सोयरा हें त्यास शिकविण्याचें काम मात्र सहसा कोणी करीत नाहीं.

प्रथम कर्तव्य : जखमेची व्यवस्था

कुत्र्याची चौकशी मागाहून; आधीं माणसाकडे पाहिलें पाहिजे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं निदान १५ मिनिटें धुवावी. तिच्यांत चुना, तिखट, हळद किंवा तेल भरूं नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा सरकारी दवाखान्यांत जाऊन लस टोचून घ्यावी. पोटावर टोचण्याची, मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस भारतांत इ. स. २००४ च्या अखेरीस बंद झाली. तिची धास्ती आतां बाळगण्याचें कारण नाहीं. हल्लींची लस दंडांत देतात. स्नायूंत टोचण्याच्या पद्धतींत पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ व २८ या दिवशीं ती घ्यावयाची असते. दांत लागून रक्त आलें असल्यास लशीबरोबर जखमेंत व तिच्या भोंवतीं निराळें प्रतिविषहि टोचावें लागतें. कुत्रा घरचा आहे, त्यास लस दिलेली आहे, किंवा त्याची खोडी काढली म्हणून तो चावला, एवढ्यावरून उपचार टाळूं नये. पिसाळण्याच्या रोगाचीं लक्षणें माणसांत एकदां उमटलीं कीं मरण बहुधा टळत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें संशयित जनावरानें चावलेल्या माणसांपैकीं सुमारें ४० टक्के १५ वर्षांखालील मुलें असतात. आणि मुलें मार बसेल या भयानें ओरखडा लपवितात, हें आईबापांनीं ध्यानांत ठेवावें.

दहा दिवसांची कैद

आतां कुत्र्याकडे वळूं. पिसाळण्याचे जंतू कुत्र्याच्या लाळेंत येतात ते लक्षणें दिसण्याच्या आधीं थोडेच दिवस. यावरून असा नियम ठरला आहे कीं, चावलेला कुत्रा त्या दिवसापासून १० दिवस धडधाकट राहिला, तर चावण्याच्या वेळीं त्याची लाळ विषारी नव्हती. हा नियम कुत्रा व मांजर यांना लागू आहे; कोल्हा, मुंगूस किंवा माकड यांस लागू नाहीं. लस पहिल्या दिवशींच सुरू करावी, दहा दिवस वाट पाहूं नये. कुत्रा दहाव्या दिवसानंतर निरोगी दिसल्यास पुढील मात्रांत फरक करावा कीं नाहीं हें डॉक्टर ठरवितील.

यावरून कुत्रा तात्काळ मारण्यांत केवढें नुकसान आहे तें दिसून येईल. आरोपी आणि मुख्य साक्षीदार येथें एकच आहे. त्यास मारलें कीं साक्ष बुडाली. मेलेल्या कुत्र्याच्या मेंदूची तपासणी प्रयोगशाळेंत होऊं शकते खरी, परंतु लाठ्यांनीं डोकेंच चेंचलें असेल तर तीहि कठीण होते. मग चावलेल्या माणसाच्या घरीं संशयाचें भय महिनोन्‌महिने राहतें, कारण हा रोग माणसांत उमटण्यास बहुधा दोन ते तीन महिने लागतात.

म्हणून कुत्र्यास मजबूत सांखळीनें बंद खोलींत किंवा कुंपणाच्या आंत, मुलें व गुरें यांपासून दूर बांधावें. अन्नपाणी एकाच जाणत्या माणसानें भांडें काठीनें पुढें सरकवून द्यावें. पशुवैद्यास वर्दी द्यावी. या मुदतींत त्यास पिसाळण्याची नवी लस टोचूं नये, म्हणजे लशीचा परिणाम कोणता व रोगाचें लक्षण कोणतें असा घोटाळा होणार नाहीं.

पाणी दाखवून परीक्षा करण्याची रीत फसवी आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्यास भितोच असें नाहीं. स्वभावांत एकाएकीं पालट, लांकूड व दगड चावणें, आवाज बदलणें, घास न गिळणें, लाळ गळणें, मागील पाय लुळे पडणें, हीं खरीं चिन्हें. कांहीं कुत्रे चवताळत नाहींत. जबडा लोंबतो व ते कोपऱ्यांत पडून राहतात. घशांत हाडूक अडकलें असेल असें समजून अशा कुत्र्याच्या तोंडांत हात घालणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. असें चिन्ह दिसतांच पशुवैद्यास बोलवावें. रोग ठरल्यास त्यावर उपाय नाहीं. त्यानें गुराढोरांस चावा घेतला असेल, तर त्यांसहि पशुवैद्याकडून लस देववावी.

चौकशी कशी करावी

कुत्रा निरोगी ठरला म्हणजे खरी न्यायाची वेळ येते. त्या वेळीं पुढील गोष्टी विचाराव्या. चावा याच कुत्र्यानें घेतला हें पाहणारा कोणी आहे काय, कीं रंगावरून अंदाज बांधला? अंधारांत, गर्दींत, दोन कुत्र्यांच्या भांडणांत असे घोटाळे सहज होतात. चोर सोडून संन्याशास फांशी जाण्याचा संभव येथें फार. चावा कोठें झाला, घराच्या आंत कीं हमरस्त्यावर? कुत्रा झोंपेंत तुडविला गेला होता काय? तो जेवीत होता, किंवा कुत्रीजवळ पिलें होतीं काय? कान सुजलेला, दांत किडलेला, जखमेंत अळ्या पडलेल्या असल्यास मायेचा हातहि त्यास सहन होत नाहीं. म्हणून पशुवैद्याकडून अंग तपासून घ्यावें. दिवसरात्र आंखूड सांखळीस बांधलेला कुत्रा चिडखोर होतो, आणि त्याचा दोष सांखळी घालणाराकडे जातो. शेवटचा प्रश्न, पूर्वीं तो कधीं चावला होता काय?

कायद्याचीहि जाणीव असावी. १९६० च्या प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानें जनावरास निष्कारण मारहाण करणें, क्रूरपणें ठार करणें, अवाजवी आंखूड वा जड सांखळीनें फार वेळ बांधणें, हे अपराध ठरविले आहेत. १ जुलै १९२४ नव्हे, तर १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतील कलम ३२५ अन्वयें जनावर ठार करून नुकसान करणारास पांच वर्षेंपर्यंत कैद होऊं शकते. त्याच संहितेचें कलम २९१ मालकासाठीं आहे : आपल्या जनावरापासून माणसास धोका होऊं नये अशी खबरदारी न घेतल्यास सहा महिनेपर्यंत कैद, किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीहि. म्हणजे कायदा कुत्र्याचाहि आहे आणि वाटसराचाहि.

शिक्षा अपराधाच्या मानानें असावी. दुखण्यामुळें चावला असेल तर औषध. पिलांमुळें चावला असेल तर आडोसा. वाटेवर धांवत असेल तर कुंपण, आणि लोकांत नेतांना तोंडास मुसकें. वारंवार, कारणावांचून चावणारा व कोणत्याहि उपायानें न सुधारणारा कुत्रा विरळा. त्याच्याबाबत पशुवैद्याचा सल्ला घ्यावा, जमावाचा नव्हे. मालकानेंहि ‘आमचा कुत्रा चावतच नाहीं’ असें म्हणून हात झटकूं नयेत. दवाखान्यास जाण्यायेण्याचा व औषधाचा खर्च त्यानें आपण होऊन द्यावा, म्हणजे बांधावरचें वैर वाढत नाहीं.

सर्वांत स्वस्त उपाय पिलूपणींच करावयाचा असतो. पिलूं तीन महिन्यांचें झालें कीं लस द्यावी, पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती पुन्हां व पुढें दरसाल टोचून दाखला जपून ठेवावा. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास प्रत्येक ग्रामपंचायतीनें पशुवैद्यास बोलावून गांवांतील सर्व पाळीव कुत्र्यांस एकाच दिवशीं लस देववावी, आणि चावल्याची तक्रार आल्यास दहा दिवस कुत्रा कोठें व कोणाच्या देखरेखीखालीं ठेवावयाचा हें ग्रामसभेंत आधींच ठरवून ठेवावें. प्रसंग आल्यावर शांत डोक्यानें विचार होत नाहीं; तो आधींच करून ठेवलेला असला, तर एखाद्या मुलाचा जीव वांचेल आणि एखाद्या मुक्या राखणदाराचाहि.