परसातला रब्बी कांदा

कांदा आडवा चिरला की जी वलये दिसतात, ती पातीचीच फुगलेली बुडे असतात. वर पात जितकी जोमदार, तितका खाली गड्डा भरतो. परसात कांदा लावताना एवढे ध्यानात ठेवले, की कोणते काम कधी करायचे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

सुरुवात रब्बीच्या कांद्यानेच करावी. खरिपात ओलाव्याने करपा छळतो, आणि तो कांदा टिकतही नाही. एन-२-४-१ किंवा राजगुरुनगरच्या संशोधन संचालनालयाचा भीमा शक्ती, यांपैकी कोणतेही वाण चालेल. बी मात्र यंदाचेच हवे, कारण कांद्याच्या बियांची उगवण वर्षभरात झपाट्याने घटते. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात गादीवाफ्यावर ओळीने, सेंटीमीटरभर खोल बी टाकावे आणि झारीने पाणी द्यावे.

सात-आठ आठवड्यांत रोपे तयार होतात. फार जाड झालेली बाजूला काढावीत; थंडीत त्यांनाच आधी डेंगळे येतात. शेंड्याकडची एक तृतीयांश पात छाटून १५ बाय १० सेंटीमीटरवर लावणी करावी. रोप खोल गाडू नये, नाहीतर गड्डा लांबुळका होतो. एक चौरस मीटरच्या वाफ्यात साधारण ६५ रोपे बसतात. नीट पोसली तर तीन-चार किलो कांदा निघतो.

खरी मेहनत लावणीनंतरच्या पहिल्या दीड महिन्यात. शेणखत आधीच मिसळलेले असावे. वरखत द्यायचे ते याच काळात. मुळे उथळ, म्हणून पाणी थोडे पण वरचेवर, आणि खुरपणीही हलक्या हाताने. वाफा पार सुकवून मग भरमसाट पाणी दिले तर कांदे फुटतात, जोड निघतात. पातीच्या बेचक्यात फुलकिडे लपतात आणि पातीवर रुपेरी चट्टे उमटतात, तेव्हा आतली पात उघडून पाहत राहावे.

फेब्रुवारीत दिवस मोठा आणि उबदार होऊ लागला, की झाड नवी पात थांबवून गड्डा भरू लागते. इथे नत्राचा मोह कटाक्षाने टाळावा. उशिरा नत्र मिळाले तर पात पुन्हा वाढते, मान जाड राहते, ती वाळत नाही आणि साठवणीत कांदा तिथूनच सडतो. कांदा टिकेल की नाही, हे माझ्या मते इथेच ठरते.

काढणीच्या पंधरवडाभर आधी पाणी तोडावे. निम्म्या माना आपणहून पडल्या की उपटावे. माना तुडवून पाडू नयेत. कांदे वाफ्यातच तीन-चार दिवस अशा रीतीने पसरावेत, की एकाची पात दुसऱ्या कांद्यावर सावली धरेल. मग दहा-बारा दिवस सावलीत सुकवून, इंचभर मान ठेवून पात कापावी. साठवण हवेशीर टोपलीत करावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. जोड, डेंगळ्याचे आणि जाड मानेचे कांदे मात्र आधी स्वयंपाकाला घ्यावेत.